महाड दोन दिवसांत: तळं, बंदर, लेणी आणि तळीये

(या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं आहे त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)



मागच्या भागात आपण जर्मनीतल्या आरवायलर या छोट्या गावाबद्दल बोललो. बॉनजवळ राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने तिथल्या सहलीचे फोटो आणि लांबलचक पत्र पाठवलं होतं. मध्ययुगीन तटबंदी अजून उभी आहे, चार वेशी आहेत, आत लाकडी चौकटींची घरं. बाहेर पडलं की आर नदीचं खोरं, दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षमळे आणि मळ्यांमधून चालायची पायवाट. तो भाग बऱ्याच जणांना आवडला. त्यावर पुण्याहून एका ताईंचा प्रश्न आला, "असं गाव आपल्याकडे आहे का हो? म्हणजे गाडी लावून द्यायची, गावात पायी फिरायचं, आणि दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांत जायचं?"

आहे ना. तुम्ही त्या गावातून दहा वेळा गेला असाल, फक्त थांबला नसाल. महाड.

रायगडाला जाताना महाड लागतं. गोव्याला जाताना महाड लागतं. आपण तिथे चहा घेतो, पेट्रोल भरतो आणि पुढे जातो. माझं आजोळ महाड तालुक्यातलं, डोंगराकडच्या अंगाला, तळीयेच्या बाजूचं. त्यामुळे लहानपणापासून मला उलट वाटायचं, की लोक गडावर कशाला एवढी घाई करून जातात, बाजार बघायला का थांबत नाहीत? आज मी तुम्हाला दोन दिवसांचा महाडचा बेत सांगणार आहे. आणि शेवटी तळीयेबद्दल बोलणार आहे. त्याशिवाय हा भाग मला करता येणार नाही.

आधी जायचं कसं ते. मुंबईहून गोवा महामार्ग. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळचं, तिथून रिक्षा किंवा एसटी. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे या, किंवा भोरवरून वरंधा घाट. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.

आता गाव समजून घेण्यासाठी एक सोपी गोष्ट करा. नकाशा उघडा आणि रस्ते बघू नका, नद्या बघा. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून खाली येते. रायगडाकडून गांधारी येते, काळ नदी येते. या सगळ्या महाडच्या आसपास एकत्र येतात आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतात. समुद्राची भरती खाडीतून पार आतपर्यंत येते. भरतीच्या पाण्यावर होड्या वर यायच्या, घाटावरून बैलांच्या पाठीवर माल खाली यायचा आणि दोन्हींची गाठ इथे पडायची. म्हणून इथे बाजार झाला. महाड हे नाव "महाहाट", म्हणजे मोठा बाजार, यावरून आलं असंही लोक सांगतात.

हे एवढं डोक्यात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप जुळत जातं. महाडमध्ये जे जे घडलं, त्यातलं बरंचसं पाण्यामुळे घडलं.

पहिला दिवस. सकाळी लवकर बाजारपेठेतून चालायला सुरुवात करा. जुन्या घरांना पुढे ओसरी, मागे लांबच लांब खोल्या, वर पोटमाळा. दुकानदाराशी दोन शब्द बोला आणि पोटमाळ्याबद्दल जरूर विचारा. पावसाळ्यात नदी चढायला लागली की खालचा माल वर नेतात. कोणत्या फळीपर्यंत कोणत्या साली पाणी आलं होतं, हे तुम्हाला हात लावून दाखवतील. पुढे विरेश्वराचं देऊळ आहे. महाडचं ग्रामदैवत. महाशिवरात्रीच्या सुमाराला इथे छबिन्याचा उत्सव असतो, आसपासच्या गावांचे देव पालख्यांतून येतात. तेव्हा गेलात तर राहायची सोय आधी करून ठेवा.

आणि मग चवदार तळं.

इथे कृपा करून दहा मिनिटांत फोटो काढून निघू नका. तळ्याच्या काठावर बसा आणि मी आता जे सांगतेय ते तिथे बसून परत ऐका.

१९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सगळे सुरबानाना म्हणायचे. म्हणजे कागदावर तळं १९२४ लाच खुलं झालं होतं. पण कागदावर खुलं असलेल्या तळ्यावर जायची प्रत्यक्षात कुणाची हिंमत नव्हती. तळ्यावर जनावरं पाणी प्यायची. माणसांना मनाई.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये परिषद भरली. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशी मंडळी मागे होती आणि अध्यक्ष होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. आता एक तपशील ऐका. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवं होतं. गावात एवढं मोठं तळं असताना चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. १९२७ चे चाळीस रुपये. २० तारखेला हे हजारो लोक रांगेने बाजारातून चालत तळ्यावर गेले, आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. मागोमाग बाकीच्यांनी.

त्यानंतर अफवा उठली, की आता हे लोक विरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला झाला. गावातल्या मुसलमान कुटुंबांनी अनेकांना घरात आसरा दिला. आणि तळं? तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते "शुद्ध" करून घेतलं गेलं.

पुढची परिषद त्याच वर्षी डिसेंबरात. महाडमध्ये जागा द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. आणि इथे आपली नदी पुन्हा येते. मुंबईहून यायचा नेहमीचा मार्ग होता बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने महाड. पण मोटारवाल्यांनी ऐन वेळी गाडीत घ्यायला नकार दिला तर? म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी पद्मावती बोटीने निघाले ते दासगाव बंदराला उतरायला. मार्ग लांबचा, पण दासगाव ते महाड फक्त पाच मैल. कुणी नाही नेलं तर पायी जाता येईल! आंदोलन करणाऱ्या माणसाला किती बारीक हिशोब करावा लागतो बघा.

तळ्यावर जायला तेव्हा कोर्टाने तात्पुरती मनाई केली होती, त्यामुळे डिसेंबरात तळ्यावर जाणं तहकूब झालं. २५ डिसेंबर १९२७ ला परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला होता. ते ब्राह्मण होते, हे इथे सांगायला हवं. त्या ठिकाणी आता क्रांतिस्तंभ आहे. तळ्यापासून तिथपर्यंत पायी जा.

खटला मात्र चालूच राहिला. खालच्या कोर्टातून हायकोर्टात. शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ चा. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. हायकोर्टाने म्हटलं, की अस्पृश्यांना मनाई करण्याची अशी कोणतीही अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हेच ते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा सुनावली होती.

दुपारी जेवून घ्या. तांदळाची भाकरी, सुकट किंवा माशाचं कालवण, सोलकढी. शाकाहारी असाल तर नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मागा.

जेवणानंतर गांधारपाले लेणी. गावापासून जेमतेम तीनेक किलोमीटर, महामार्गाच्या अगदी कडेला. साधारण तीस लेण्यांचा हा बौद्ध समूह आहे. थोड्या पायऱ्या चढायच्या. वर गेलात की ओसरीवर बसा आणि खाली बघा. गांधारी, सावित्री, भातखाचरं, महामार्ग, सगळं एका नजरेत येतं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी ही जागा का निवडली, ते वेगळं सांगावं लागत नाही. खालून व्यापाराचा रस्ता जात होता, आणि व्यापारी दान देत होते. पण आणखी एक बघा. ती माणसं डोंगराच्या पोटात, घट्ट खडकात राहिली. पावसाळ्याचे चार महिने एका जागी काढायचे, तर पुराच्या पाण्याच्या वर आणि पक्क्या कातळात. पाऊस ओळखणाऱ्या माणसांची ही निवड आहे.

संध्याकाळी दासगावला खाडीकाठी जा. बंदराची ती वर्दळ आता उरलेली नाही, पण भरती येताना पाणी कसं चढतं ते बघण्यासारखं असतं. हीच भरती आणि वरून आलेला पूर यांची गाठ पडली, की नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. तेव्हा महाडची बाजारपेठ भरते. वेळ असेल तर सावित्रीच्या काठावर सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, तीही बघून घ्या. नदीत मात्र पाय सोडून बसू नका. सावित्रीत मगरी आहेत, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

दुसरा दिवस. आता तुम्ही म्हणाल, रायगड? रायगडाला जरूर जा, पण त्याला वेगळा पूर्ण दिवस द्या. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा, शक्य असेल तर पायऱ्यांनी चढा. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, ३ एप्रिल १६८० ला महाराजांचं निधन, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यावर आपला वेगळा भाग आहे, तो ऐका. आज मी तुम्हाला दुसऱ्या बाजूला नेतेय.

पोलादपूर. महाडहून अर्ध्या-पाऊण तासावर. जाताना सावित्रीवरचा पूल लागेल. इथला जुना दगडी पूल ब्रिटिशांच्या काळातला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि दोन एसटी बस आणि काही गाड्या नदीत गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. त्यावरून जाताना गाडीतला आवाज आमच्या घरात आजही थोडा कमी होतो. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत हे शिवाजी महाराजांवरचं संस्कृत काव्य त्यांचं. तिथून आत उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तिथे त्यांचं स्मारक आहे.

आणि शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला, ती घळ. काळाच्या ओघात जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. समोर धबधबा कोसळतो, आत बसलं की त्याचा एकच घोष कानात भरतो. पावसाळ्यात फार गर्दी असते. मला विचाराल तर दिवाळीनंतर जा. पाणी असतं, माणसं कमी असतात, आणि खाचरांत कापणी संपलेली असते.

या सगळ्या वाटेवर तुम्हाला वाड्या दिसतील. डोंगराच्या उतारावर पंचवीस-तीस घरं, खाली भातखाचरं, वर नाचणी-वरीची शेतं, त्याच्यावर रान. फोटोला फार सुंदर. आरवायलरच्या मळ्यांइतकंच. तळीयेची कोंढाळकरवाडी अशीच होती.

२२ जुलै २०२१, गुरुवार. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. महाबळेश्वरला त्या एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. ते सगळं पाणी सावित्रीतून खाली आलं. महाडच्या बाजारपेठेत काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते बुडाले. आणि त्याच दिवशी दुपारनंतर तळीयेत डोंगराचा कडा सुटून कोंढाळकरवाडीवर आला. तीसहून जास्त घरं गाडली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. खाली महाडच पाण्यात असल्याने बाहेरची मदत वेळेवर पोचू शकली नाही, मोठी पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. काही दिवसांनी शोध थांबवावा लागला, आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित केलं गेलं. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या, तिथेही माणसं गेली.

हे असं पहिल्यांदा झालं का? नाही. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. तेच दासगाव, जिथे काल संध्याकाळी आपण भरती बघत उभे होतो.

असं का होतं, ते सोप्या शब्दांत सांगते. सह्याद्रीचा कातळ कठीण आहे, पण उतारांवर त्याच्या वरचा थर हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने कुजून मऊ झालेला असतो. लाल माती, मुरूम आणि त्यात अडकलेले मोठे धोंडे. हा थर खालच्या कातळावर नुसता टेकलेला असतो. दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला, की तो पाणी पिऊन जड होतो. पाणी खाली कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं. मग माती आणि कातळ यांची पकड सुटते. एकदा सुटली की धावायलाही वेळ मिळत नाही.

पण आधी खुणा दिसतात, बऱ्याचदा. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडं, विजेचे खांब कलतात. घराची दारं अचानक घट्ट बसायला लागतात. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होतं, किंवा नसलेल्या जागी नवा झरा फुटतो. पूर्वीची माणसं हे बघायची. आता वाडीत राहतात कोण? म्हातारी माणसं. तरुण मुलं मुंबईला, सुरतेला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत.

माझी मावशी अशाच एका वाडीत राहते. दर पावसाळ्याआधी वाडीला नोटीस येते, अतिवृष्टी झाली तर शाळेत स्थलांतर करा. मी तिला दरवर्षी फोन करते, मावशी, रेड अलर्ट आला की जा गं. ती म्हणते, "बाय, शाळंत मानसं झोपतील. गुरांचं काय? तिघी जनावरं माझ्याबिगर दावणीला चारा खात न्हाईत." तिला भीती नाही असं नाही. भिंतीला भेग गेली त्या रात्री ती उठून बसली होती, असं शेजारणीने मला सांगितलं. पण चार महिन्यांत किती रात्री उठून शाळेत जायचं, जनावरं कुणाच्या भरवशावर सोडायची, शेताची राखण कोण करणार, याचं उत्तर त्या नोटिशीत नसतं. माझ्याकडेही नाही. मी फक्त फोन करते.

तळीयेच्या वाचलेल्या माणसांनी कंटेनरच्या घरांत दिवस काढले. म्हाडाने नवी वसाहत बांधायचं काम घेतलं, आणि पहिली घरं ताब्यात मिळायला काही वर्षं लागली. एवढी वर्षं तात्पुरत्या घरात राहणं म्हणजे काय, ते आपण आपल्या मनाशी मोजू या.

आता मी ज्यासाठी हा सगळा विषय काढला तिथे येते. तळीयेला जायचं का?

दोन वर्षांपूर्वी मी मावशीकडे जात असताना रस्त्यात एक गाडी थांबली. मुलं चांगली होती, बोलायला अदबशीर. त्यांनी विचारलं, "काकू, तो लँडस्लाइडचा पॉइंट कुठे आहे?" पॉइंट! सनसेट पॉइंट असतो तसा. त्यांना सांगितलं, बाळांनो, तिथे बघायला काही नाही. तिथे लोकांची माणसं आहेत अजून.

हे मला तुम्हालाही सांगायचंय. ज्या जमिनीखाली कुणाची आई आहे, त्या जमिनीवर ड्रोन उडवू नका. नव्या वसाहतीत शिरून "तेव्हा काय झालं, सांगा ना" असं विचारू नका. त्यांनी ते शेकडो वेळा कॅमेऱ्यांपुढे सांगितलेलं आहे. कुणी आपणहून बोललं तर ऐका. वाटेवर थांबायचंच असेल, तर गाडी बाजूला घ्या, हात जोडा आणि पुढे चला.

मग मी हा भाग का करतेय? कारण तिकडे जाऊच नका, हेही मला पटत नाही. इथे मला आपल्या बॉनच्या श्रोत्याचं पत्र आठवतं. आर नदीचं ते खोरं, ज्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितले, तिथे १४ जुलै २०२१ च्या रात्री पूर आला. तळीयेच्या बरोबर आठ दिवस आधी. त्या एका खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. आरवायलरच्या तटाच्या आतही पाणी होतं. आणि तिथेही हे पहिल्यांदा नव्हतं. १८०४ मध्ये तिथे असाच पूर आला होता, १९१० मध्ये आला होता. श्रीमंत देश, सगळी यंत्रणा, आणि तरी मधल्या पिढ्यांना ते विसरायला झालंच. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, की आता तिथे लोक पाहुण्यांना द्राक्षमळे दाखवतात तसंच पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही दाखवतात, आणि पाहुणे परत यायला लागले याचं त्यांना समाधान आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. पाहुणा आला की दुकान चालतं, खानावळ चालते. एखादा मुलगा मुंबईला जायचा थांबतो. आणि पावसाच्या रात्री वाडीत एक तरुण माणूस जास्त असतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महाडला दोन दिवस या. रात्री मुक्काम करा. खानावळीत जेवा, तांदूळ, नाचणी, कोकम, पापड इथून घ्या. एखाद्या वाडीत घरगुती राहायची सोय असेल तर तिथे राहा. आणि जिथे जाल तिथे चवदार तळ्याचा इतिहास विचारता तसंच हेही विचारा, की पाणी कुठपर्यंत आलं होतं? डोंगर कुठे सुटला होता? तुम्ही विचारलंत की घरातला म्हातारा सांगेल, आणि बाजूला बसलेला नातू ऐकेल. नातवाला आजोबा एरवी हे सांगत नाहीत. माझ्या आजोबांनी मला गडाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. ओढ्याने वाट बदलली ती गोष्ट मात्र मला कुणा पाहुण्याने विचारल्यामुळे कळली.

शेवटी थोड्या कामाच्या सूचना. उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. २० मार्चला महाडमध्ये प्रचंड गर्दी असते, तो दिवस अनुभवायचा असेल तर जरूर या, पण गाडी गावाबाहेर ठेवून चालत या. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांसाठी यायचा मोह होतो. तेव्हा हवामान खात्याचा इशारा बघा, आणि रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. तुम्ही अडकलात की तुम्हाला काढायला तीच चार माणसं धावतात, ज्यांना तेव्हा स्वतःच्या घराकडे बघायचं असतं. उतारावर, ओढ्याच्या तोंडाशी गाडी लावू नका. वाडीत कुणाच्या अंगणात शिरण्याआधी हाक मारा. चहा विचारतील, नाही म्हणू नका.

पुण्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलं. जाऊन आलात की कळवा, काय बघितलंत आणि काय जेवलात. बाकीच्यांनीही आपापल्या भागातल्या अशा गावांबद्दल लिहा, जिथून सगळे जातात आणि कुणी थांबत नाही. त्यातलं एक गाव आपण पुढच्या महिन्यात घेऊ.

आणि ज्यांचं गाव डोंगराखाली आहे, त्यांनी हा भाग संपला की घरी एक फोन करा. एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.